सिस्टर निघाली स्टुटगार्टला

बारावीचा आणि नीटचा निकाल हातात पडला की लातूरच्या ट्युशन एरियात हिशेब सुरू होतात. एमबीबीएसला किती गुण लागतील, बीडीएस मिळेल का, बीएएमएसची जागा कुठे निघेल. या उतरंडीत नर्सिंगचं नाव बरंच खाली येतं. बरेचदा ते घरातल्या थोरल्या मुलीच्या नव्हे, तर धाकटीच्या वाट्याला येतं, कारण थोरलीच्या कोचिंगवर पैसा आधीच खर्च झालेला असतो. नांदेडला, परभणीला, उदगीरला आणि अहमदपूरलाही चित्र फार वेगळं नाही. प्रवेशाच्या धांदलीत कागदावर तीन पर्याय असतात : एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग. फी कुठे कमी, वसतिगृह कुठे बरं आणि गावापासून एसटी किती वाजता आहे, यावर निवड होते.

सतरा-अठराव्या वर्षी केलेली ही निवड पुढे दहा वर्षांनी कोणत्या देशात कायम राहता येईल, हे बऱ्याच अंशी ठरवून टाकते. प्रवेश अर्जावर खूण करताना हे कुणी सांगत नाही.

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्र, लसीकरण, बाळंतपण ही त्याची दुनिया, आणि ग्रामीण आरोग्याचा डोलारा त्यावरच उभा आहे. पण परदेशांत ‘नोंदणीकृत नर्स’ म्हणून या पात्रतेला बहुतेक ठिकाणी दार उघडत नाही. जीएनएम तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला कला शाखेची बारावीही चालते, म्हणून मराठवाड्यात त्याला मोठी मागणी. जर्मनी आणि ब्रिटन ही पदविका मान्य करतात, ऑस्ट्रेलिया मात्र पदवीच्या तोडीचं शिक्षण मागतो. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. या पदवीने बहुतेक सगळ्या देशांची दारं ठोठावता येतात. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करूनही पदवी घेता येते, पण ती दोन वर्षं पगाराविना काढायची तयारी लागते.

जगाची गरज, केरळची वाट

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि तरीही ५८ लाखांची तूट आहे. श्रीमंत देशांत म्हातारी माणसं वाढली, त्यांच्या स्वतःच्या नर्सही निवृत्तीला आल्या, आणि तिथल्या तरुणांना रात्रपाळी नको झाली. ही तूट भरून काढायला सगळ्यांची नजर फिलिपिन्सकडे आणि भारताकडे वळते.

भारताकडे म्हणजे खरं तर केरळकडे. तिथे पहिली मावशी आखातात गेली, तिने भाचीला बोलावलं, भाचीने नणंदेला. पन्नासेक वर्षांत ही नात्यांची साखळी आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली. त्या साखळीमागे केरळ सरकारही उभं राहिलं. ‘नॉर्का रूट्स’ या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीशी ‘ट्रिपल विन’ योजनेचा करार केला. त्यात भाषेचं शिक्षण, मुलाखत, व्हिसा या सगळ्याचा खर्च नर्सवर पडत नाही.

मराठवाड्यात अशी साखळी नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतली नर्स अतिदक्षता विभाग सांभाळते, एका पाळीत डझनावारी रुग्ण पाहते. हाताला तिच्याइतका सराव युरोपातल्या नर्सला क्वचितच असेल. पण कुठला फॉर्म आधी भरायचा हे सांगणारी मावशी तिच्या घरात नसते.

ही उणीव सरकारी पातळीवर भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न २०२४ मध्ये झाला. २५ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा सामंजस्य करार केला. स्टुटगार्ट ही या राज्याची राजधानी. दीपक केसरकर शालेय शिक्षणमंत्री असताना त्यांच्या खात्याकडे हे काम आलं. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवायचं, जर्मन शिकवण्याचा खर्च राज्याने करायचा, असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. नर्स, रुग्णालय सहायक, प्रयोगशाळा सहायक यांच्याबरोबर वीजतंत्री आणि प्लंबरही यादीत होते. जिल्ह्याजिल्ह्यांत नोंदणी झाली, वर्ग भरले. प्रत्यक्ष रवानगीचा वेग मात्र घोषणेच्या वेगाला गाठू शकला नाही. अडथळा भाषेचा आणि पात्रतेच्या मान्यतेचा होता, आणि हे दोन्ही विषय मुळातून समजून घेण्यासारखे आहेत.

जर्मनी : घड्याळ उशिरा सुरू होतं

कायम वास्तव्याचा विचार करताना प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळ्या क्षणी चालू होतं, हे लक्षात ठेवलं तर निम्मा गोंधळ मिटतो.

जर्मनीत नर्सिंग हा परवान्याचा व्यवसाय आहे. परवान्यासाठी सर्वसाधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा पायऱ्या चढायला रोज नेमाने शिकणाऱ्यालाही वर्षभर लागतं. नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्याला त्याहून जास्त. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात या परीक्षा होतात, त्यामुळे नांदेडच्या मुलीला परीक्षेसाठी रात्रीचा प्रवास ठरलेला. अनेक नर्स बी-१ करून जातात आणि बी-२ तिकडे पूर्ण करतात.

भाषेसोबत पात्रतेची मान्यता. नर्सिंगचा अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाचे तास आणि वॉर्डातला सराव यांची जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना होते. भारतीय पदवी किंवा पदविका बहुधा ‘अंशतः समतुल्य’ ठरते. उरलेली तफावत भरण्यासाठी एक तर ज्ञानपरीक्षा द्यायची किंवा रुग्णालयात काही महिन्यांचं समायोजन प्रशिक्षण घ्यायचं. तोवर ती नर्स म्हणून नव्हे, सहायक म्हणून काम करते आणि पगारही सहायकाचाच मिळतो.

नियमाचा काटा इथेच आहे. नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. बी-१ जर्मन आणि ३६ महिन्यांची पेन्शन वर्गणी हवी. ही तीन वर्षं कुशल कामगाराच्या परवान्यावर राहिलेली मोजली जातात. मान्यता मिळवण्यात गेलेला सहायकपणाचा काळ त्यात धरत नाहीत. म्हणून ज्या मुलीने लातुरातच बी-२ उरकलं, तिचं घड्याळ विमानातून उतरल्यावर काही महिन्यांत सुरू होतं. जी ए-२ वर घाईने गेली, तिचं दीड-दोन वर्षं थांबून राहतं.

बारावी झालेल्यांसाठी जर्मनीत आणखी एक रस्ता आहे : तिथेच तीन वर्षांचं नर्सिंग शिक्षण, शाळा आणि रुग्णालय आलटून पालटून. फी नाही. उलट सार्वजनिक रुग्णालयांत पहिल्या वर्षापासून दरमहा १,३०० युरोंहून जास्त विद्यावेतन मिळतं. त्यातून घरभाडं आणि विमा गेला तरी माणूस निभतो. शिक्षण संपवून नोकरी लागली की कायम वास्तव्यासाठी दोनच वर्षं पुरतात. नीटच्या तिसऱ्या प्रयत्नासाठी वर्ष घालवायचं की जर्मन शिकायचं, हा प्रश्न आता लातूरच्या घरांतही विचारला जाऊ लागला तर नवल नाही.

जर्मन वॉर्डात गेल्यावर आपल्याकडच्या नर्सना पहिला धक्का औषधांचा नसतो, आंघोळीचा असतो. आपल्या सरकारी दवाखान्यात रुग्णाला पुसून घेणं, भरवणं, कूस बदलणं ही कामं नातेवाईक करतात, नाही तर वॉर्डातल्या मावशी. सलाईन, इंजेक्शन, नोंदी हे सिस्टरचं काम. जर्मनीत रुग्णाजवळ नातेवाईक मुक्कामाला नसतो आणि शरीराची निगा हाच नर्सिंगचा पाया मानतात. सलाईन लावणं मात्र पुष्कळदा डॉक्टरांकडे असतं. आपल्या हातातली कला काढून घेतली, असं अनेकींना पहिल्या वर्षी वाटतं. परत येण्याच्या विचारांमागे थंडीइतकंच हेही कारण असतं.

ब्रिटन : दार ओळखीचं, नियम हलते

ब्रिटनचा मार्ग इंग्रजीतून जातो म्हणून तो सोपा वाटतो. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण, संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात, किंवा आरोग्य क्षेत्रासाठीची ओईटी परीक्षा द्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीचं घोडं लेखनातच अडतं. त्यानंतर भारतात बसून संगणकावरची परीक्षा आणि ब्रिटनला पोचल्यावर ओस्की. ओस्कीत पुतळ्यावर आणि रुग्णाचं सोंग घेतलेल्या माणसावर काम करून दाखवायचं, आणि पडदा ओढला का, परवानगी विचारली का, हेसुद्धा तपासलं जातं.

ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘हेल्थ अँड केअर’ व्हिसावर पाच वर्षं काढली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, असा नियम अनेक वर्षं चालला. घड्याळ व्हिसा मिळाल्यापासून चालतं, विद्यार्थी व्हिसावरची वर्षं धरत नाहीत, आणि कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून चालत नाही. एप्रिल २०२५ पासून या अर्जाची फी माणशी ३,०२९ पौंड झाली. नवरा आणि दोन मुलं धरली तर रक्कम लातूरच्या बाहेरच्या भागातल्या प्लॉटच्या किमतीजवळ जाते.

मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून पाच वर्षांची सर्वसाधारण अट दहा वर्षांवर नेण्याचा आणि योगदानानुसार सूट देण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी २२ जुलैपासून वृद्धसेवेतल्या केअर वर्करची परदेशातून नवी भरती बंद झाली. नोंदणीकृत नर्सचं दार उघडं राहिलं. ‘आधी केअरर म्हणून जा, मग नर्स हो’ असं सांगून लाखो रुपये घेणाऱ्यांचा धंदा मात्र बसला, आणि त्यांच्या भरवशावर राहिलेल्या मुलींचे पैसेही बुडाले.

अमेरिका : जन्मगाव पाठ सोडत नाही

अमेरिकेचं वैशिष्ट्य असं की नर्सला ग्रीन कार्ड थेट मिळू शकतं. नर्सचा तुटवडा सरकारने आधीच मान्य केलेला असल्यामुळे मालकाला कामगार खात्याकडे ‘स्थानिक माणूस मिळत नाही’ हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. एनसीएलईएक्स-आरएन परीक्षा, कागदपत्रांची ‘व्हिसास्क्रीन’ तपासणी आणि मालकाचा अर्ज, एवढ्यावर काम होतं. परीक्षेचं केंद्र हैदराबादला आहे, मुंबईलाही आहे. नांदेडला देवगिरी एक्सप्रेस दोन्ही दिशांना थांबते, पण हैदराबाद निम्म्याहून कमी अंतरावर.

परीक्षा पास होऊनही पुढे रांग आहे. रोजगाराच्या ग्रीन कार्डांचा वार्षिक कोटा साधारण १ लाख ४० हजारांचा आणि कुठल्याही एका देशाला त्यातला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही. नर्स ज्या ‘ईबी-३’ गटात मोडतात, त्यात भारतीयांची तारीख २०२५ च्या अखेरीस २०१३ मध्ये अडकलेली होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांचा नंबर तेव्हा लागत होता. त्याच यादीत फिलिपिन्सच्या नर्सची रांग दोन-तीन वर्षांची.

देश ठरतो तो पासपोर्टवरून नाही, जन्मस्थानावरून. मुखेड किंवा निलंग्यात जन्मलेली मुलगी पुढे आयरिश नागरिक झाली, तरी अमेरिकेच्या रांगेत ती भारतीयच. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर त्याच्या देशाची रांग धरता येते, एवढीच पळवाट. आयटीवाल्यांचा एच-१बी व्हिसाही नर्सला क्वचितच मिळतो, कारण अमेरिकेत नर्स होण्यासाठी पदवी अनिवार्य नाही आणि तो व्हिसा पदवीची अट असलेल्या कामांसाठी आहे.

आखाताची शिडी आणि पलीकडची दारं

सौदी, कतार, अमिराती इथे प्रोमेट्रिक परीक्षा आणि कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी झाली की काही महिन्यांत नोकरी मिळते. पगारावर आयकर नाही. कायम वास्तव्य सर्वसाधारणपणे नाही. दुबईने मे २०२५ मध्ये सरकारी सेवेत पंधरा वर्षांहून जास्त काढलेल्या नर्सना दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा जाहीर केला, तो अपवाद. तरीही आखात हा हुशारीचा पहिला टप्पा ठरू शकतो. तिथल्या दोन वर्षांत बहिणीचं लग्न उरकतं, कर्ज फिटतं, मोठ्या रुग्णालयाचा अनुभव कागदावर येतो आणि पुढच्या देशाच्या परीक्षांची फी जमते.

आयर्लंडमध्ये नर्स ‘क्रिटिकल स्किल्स’ परवान्यावर काम करतात. जवळपास दोन वर्षांनी त्यांना परवान्याशिवाय कुठेही नोकरी करण्याची मुभा मिळते, पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियाची गुणपद्धत अशी की ४५ वर्षांच्या आतली नर्स देशात पाऊल ठेवण्याआधीच कायम वास्तव्याचा व्हिसा मिळवू शकते. पण नोंदणीसाठी भारतातून थेट जाणाऱ्यांना एनसीएलईएक्स आणि अॅडलेडची ओस्की, दोन्ही द्याव्या लागतात. एप्रिल २०२५ पासून ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर, स्पेन किंवा कॅनडाच्या दोन प्रांतांत १,८०० तास काम केलेल्यांना या परीक्षांतून सूट मिळाली. साधारण वर्षभराची पूर्णवेळ नोकरी म्हणजे १,८०० तास. मलयाळी नर्सनी आयर्लंडमार्गे ऑस्ट्रेलिया ही वाट का धरली, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

न्यूझीलंडने डिसेंबर २०२२ मध्ये नर्सना थेट निवासाच्या यादीत घातलं : नोंदणी आणि नोकरीपत्र हातात असेल तर पहिल्या दिवसापासून निवासाचा अर्ज. कागदावर हे घड्याळही फार वेगवान. पण गर्दी झाली, २०२४ मध्ये सरकारी रुग्णालयांनी हात आखडता घेतला आणि क्राइस्टचर्चची परीक्षा पास होऊनही कित्येक परदेशी नर्स नोकरीविना राहिल्या.

कागदांची लढाई गावातच

या सगळ्या वाटांचा पहिला टप्पा मुंबईतल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमधून जातो. नोंदणी चालू आहे आणि कोणतीही कारवाई प्रलंबित नाही, असं ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र कौन्सिल परदेशी संस्थेला देते. नूतनीकरण राहून गेलं असेल तर तिथेच काम अडतं. महाविद्यालयाकडून विषयवार तासांचा उतारा हवा. कॉलेज बंद पडलं असेल किंवा जुनी दप्तरं सापडत नसतील, तर हाच कागद महिनोन् महिने खातो.

महाराष्ट्रातल्या मुलींची एक खास अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्ट एका नावाने, कौन्सिलची नोंदणी दुसऱ्या, अनुभवपत्र तिसऱ्या. गावाकडे हे सगळे एकाच बाईचे कागद आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्टुटगार्ट किंवा डब्लिनच्या टेबलावर त्या तीन वेगळ्या बायका ठरतात. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि विवाह नोंदणीचा दाखला. लग्न ठरण्याआधीच पासपोर्ट काढून सगळीकडे तेच नाव कायम ठेवणाऱ्या मुलींचे सहा-आठ महिने वाचतात.

तिसरी गोष्ट अनुभवाची. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या एखाद्या छोट्या खासगी रुग्णालयात दोन वर्षं घासली, पण पगार रोख आणि नियुक्तिपत्र नाही, तर ती वर्षं परदेशी अर्जात शून्य धरली जातात. बँकेत जमा होणारा पगार आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद पुढे पुरावा म्हणून कामी येते.

दलालांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. आखातासह १८ देशांत जाणाऱ्या नर्सना २०१५ पासून सरकारी मंजुरी बंधनकारक आहे, ती कोच्चीतल्या एका भरती घोटाळ्यानंतर. तिथे कुवेतला पाठवण्यासाठी कायद्याने ठरलेल्या सुमारे १९ हजारांऐवजी १९ लाखांच्या घरात रक्कम उकळल्याचं उघड झालं होतं.

मागे राहिलेले वॉर्ड

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत विष्णुपुरीच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती. औषधांच्या टंचाईबरोबर मनुष्यबळाच्या तुटवड्याचीही चर्चा राज्यभर झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी मे २०२२ मध्ये राज्यातल्या शासकीय परिचारिका बाह्य यंत्रणेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. दोन घटना शेजारी ठेवल्या की पेच दिसतो. रुग्णालयाला नर्स हव्या आहेत, नर्सना कायम नोकरी हवी आहे, आणि मधल्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. कंत्राटावर काम करणाऱ्या मुलीला परदेशाचं वेड लागलं असं म्हणून चालत नाही. ती आधी सरळसेवा भरतीच्या जाहिरातीची वाट पाहते, मग एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा देते, आणि वय निघून चाललं की जर्मनच्या वर्गाची चौकशी करते.

ती निघाली आणि कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, तरी नियम संपत नाहीत. जर्मनीचा कायम परवाना सर्वसाधारणपणे सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यास रद्द होतो, ब्रिटनचा दोन वर्षांनी. सासूचं आजारपण किंवा वाटणीचा दावा लांबला, तर ही मुदत बघून परतीचं तिकीट काढावं लागतं. भारताचं नागरिकत्व कायम परवान्याने जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की मात्र जातं, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानंतर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढायचं.

आणि शेतीचं काय, हा मराठवाड्यातला हमखास प्रश्न. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला, मग पासपोर्ट भारतीय असो वा हाती ओसीआय कार्ड, इथे घर, फ्लॅट किंवा दुकान घेता येतं. शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीत वारसाहक्काने हिस्सा मात्र मिळतो. स्टुटगार्टच्या पगारातून औशाजवळ चार एकर सोयाबीनचं रान घ्यायचं मनात असेल, तर ते नंतर जमणार नाही; असा व्यवहार निघण्याआधीच, इथल्या पैशातून करायचा. आपल्या पैशाने पण खरेदीखतावर गावातल्या भावाचं नाव घालून घेतलेली जमीन बेनामी ठरू शकते, म्हणून त्या वाटेला जाण्याआधी लातूरच्या वकिलाकडे विचारपूस करायची.